शंभराचा एक नग

आमच्या घरात कुणी "येताना बिस्किटांचा एक पुडा आण" असं म्हटलं की बाकीचे सगळे माझ्याकडे बघतात. मी काही बोलू नये अशी त्यांची इच्छा असते आणि मला ते जमत नाही. पुडा म्हणजे कोणता? एकटा, हातात मावणारा? की दुकानदार ज्याला पुडा म्हणतो तो, आत बारा छोटे पुडे आणि वरून प्लास्टिक? सून म्हणते, "आई, राहू द्या, मीच आणते." नवरा म्हणतो, "बिस्किटंच नकोत." एकाच कामात वर्षानुवर्षं राहिलं की माणसाच्या डोक्याचं काय होतं, याचा मी चालताबोलता नमुना आहे.

भोरच्या एसटी स्टँडमागे जनावरांच्या औषधांची एक घाऊक एजन्सी आहे. तिथे मी बिलं करायला म्हणून लागले आणि निवृत्त झाले तेव्हा 'मास्टरवाल्या मॅडम' झाले होते. जनावरांच्या औषधात बाई, म्हणजे मोठी धीराची असणार असं लोकांना वाटतं. मी उत्रोलीची सून, घरी भातशेती, दावणीला दोन म्हशी. त्या म्हशींना वैरण टाकतानासुद्धा मी लांबूनच टाकते. शेळीला तर मी चक्क घाबरते. म्हैस निदान विचार करून अंगावर येते, शेळीला तेवढाही वेळ लागत नाही. तर अशी मी भोर आणि वेल्हे तालुक्यांतल्या समस्त जित्राबाच्या औषधांचा हिशोब ठेवत होते, आणि तो चांगला ठेवत होते, कारण संगणकात जनावर नसतं.

हे 'मास्टर' म्हणजे काय ते सांगते. दुकानातल्या प्रत्येक मालाची संगणकात एक मूळ नोंद असते. मालाचं नाव, तो कशात येतो, एका पॅकमध्ये किती, आणि ते 'किती' म्हणजे काय: गोळ्या, मिलिलिटर, किलो की आणखी काही. एकदा ही नोंद केली की पुढची सगळी बिलं, मागण्या, शिल्लक तिच्यावर चालतात. आता ही नोंद ज्यांनी ज्यांनी केली होती, त्यांनी ती आपापल्या स्वभावानुसार केली होती. कुणी 'बॉक्स १०' लिहिलेलं, कुणी '१०चा', कुणी '१० बाय १०', कुणी नुसतंच 'पेटी'. एका बाटलीपुढे 'मोठी' असं होतं. कशापेक्षा मोठी, ते नव्हतं. आणि एका मलमापुढे परिमाणाच्या रकान्यात 'नेहमीचं' असं लिहिलेलं मी स्वतःच्या डोळ्यांनी वाचलं आहे.

माणसं माणसांशी बोलत होती तोवर हे सगळं बिनबोभाट चाललं. विंझरचे दुकानदार अंकुशराव फोनवर "नेहमीचं पाठवा" म्हणायचे आणि आमचा माणूस बरोबर तेच मलम पाठवायचा. शेठनी नवं सॉफ्टवेअर घेतलं आणि घोळ झाला, कारण सॉफ्टवेअर अंकुशरावांना ओळखत नव्हतं. त्यांनी दुभत्या जनावरांच्या कॅल्शियमचा पाच लिटरचा एक कॅन मागवला. आमच्या नोंदीत 'पॅकमध्ये किती' या रकान्यात कुणीतरी ५ लिहून ठेवलेलं. लिटर की कॅन, हे लिहायची कुणाला गरज वाटली नव्हती. टेम्पोतून पाच कॅन गेले. पुढच्या महिन्यात चूक सुधारायला म्हणून आम्ही मागणीच पाचची घेतली, तर पंचवीस गेले.

अंकुशरावांचा फोन आला. "मॅडम, दुकानात गिऱ्हाइकाला उभं ऱ्हायला जागा न्हाई."

"माफ करा हो. परत बोलावून घेते."

"बोलवा सवडीनं. म्या कॅनवर बसूनच बोलतोय. खुर्चीपरीस बरं वाटतंय."

त्या दिवसापासून मी शुद्धीकरण हाती घेतलं. हा शब्द मीच वापरायची, आणि तो उच्चारताना माझी मान जरा ताठ व्हायची हे इतरांनी मला नंतर सांगितलं. मी तीन नियम केले. पहिला: काउंटरवरून न फोडता देता येणारी सगळ्यात लहान वस्तू म्हणजे एक नग. बाटली असेल तर बाटली, गोळीची पट्टी असेल तर पट्टी. दुसरा: खोक्यात असे किती नग, ते वेगळ्या रकान्यात. तिसरा: एका नगाच्या आत काय आणि किती, ते आणखी वेगळ्या रकान्यात. एकाचा आकडा दुसऱ्याच्या घरात कधीही जाता कामा नये. हे मी मोठ्या अक्षरांत छापून काउंटरमागच्या भिंतीवर चिकटवलं. शेठनी त्यावर कालनिर्णयासारखं एक मोठं कॅलेंडर लावलं, खिळा तिथेच होता म्हणून. मी कॅलेंडर उचलून लोकांना नियम दाखवायची.

सगळ्यात जास्त घाम फोडला तो लशीनं. शेळ्यामेंढ्यांना एक रोग येतो, डॉक्टर त्याला पीपीआर म्हणतात, आमच्याकडचे लोक बुळकांडी म्हणतात. ताप, नाकातोंडातून पाणी, तोंडात फोड, हगवण, आणि बघता बघता वाडगं रिकामं. वाडगं म्हणजे शेरडांना कोंडायचं कुंपण. रोग यायच्या आधी लस टोचली तर जनावर वाचतं. ही लस एवढ्याशा कुपीत वाळवलेल्या पुडीसारखी असते. सोबत शंभर मिलिलिटर पाणी येतं. त्यात ती विरघळवायची आणि दर जनावराला एक मिलिलिटर टोचायची. म्हणजे एका कुपीत शंभर जनावरांची लस. आमच्या मास्टरमध्ये हिच्या चार नोंदी होत्या. एकीत १, एकीत १००, एकीत '१०० मिली' आणि एकीत 'शेळी'. मी चारही पुसल्या आणि एकच केली: नग एक, आत मात्रा शंभर. त्या संध्याकाळी मी घरी जाताना पेढे घेतले. पावशेर, सुटे, मोजून.

त्याच हिवाळ्यात भातकापणी उरकता उरकता खोऱ्याच्या पलीकडच्या अंगाला बुळकांडी लागल्याची बातमी आली. लशीवर उड्या पडल्या. आमच्या फ्रीजमध्ये एकच कुपी उरली असताना कोंडाबाईंचा फोन आला. मार्गासनीच्या वरच्या बाजूला डोंगरात एक धनगरवाडा आहे, तिथल्या या म्हाताऱ्या. नवरा वारलेला, मुलगा शिरवळला कंपनीत. शेरडांवरच घर.

"ताई, शेरडांची लस धाडा."

"किती शेरडं आहेत?"

"हायेत."

"हो, पण किती?"

"हायेत थोडी."

माझ्या पडद्यावर एक रिकामा चौकोन लुकलुकत होता. "कोंडाबाई, मला आकडा लागतो. पन्नास लिहू?"

"लिवू नगा!" त्या एवढ्या जोरात ओरडल्या की मी फोन कानापासून लांब धरला. "जित्राबाचा आकडा काढीत न्हाईत, बाई. नजर लागती. तिकडं मरी आलीया आन् तुमी मोजाया बसला?"

मग माझ्या लक्षात आलं की मला शेरडांचा आकडा लागतच नाही. नग एक! मी एक लिहिलं, कोंडाबाईंचं नाव घातलं, शिल्लक शून्य झाली. आपली पद्धत किती भक्कम आहे या आनंदात मी अर्धा दिवस होते.

अर्धाच, कारण दुपारच्या एसटीनं भागूजी आले. कोंडाबाईंचे धाकटे दीर. त्याच धनगरवाड्यात ओढ्याच्या पलीकडे त्यांचं घर. त्यांनाही लस हवी होती.

"शेवटची कुपी तुमच्या वहिनींच्या नावावर गेली," मी म्हणाले. "पुढचा माल पुण्याहून कधी येईल, सांगता येत नाही."

ते बाकावर बसले. पाणी दिलं ते प्यायले नाहीत. शेठनी मला आत बोलावून हळूच सांगितलं की या दीर-भावजयीत गेली कित्येक वर्षं बोलणं नाही. वाटणी झाली तेव्हा शेरडं वाटली, जमीन वाटली, भांडी वाटली, सगळं गोडीत. कुत्रा वाटता आला नाही. काळ्या नावाचा राखणीचा कुत्रा. तो दिवसा इकडे, रात्री तिकडे. याने भाकरी टाकून ओढला, तिने ताक पाजून फितवला, असं होत होत तोंडं बंद झाली ती कायमची. मला हसू यायला हवं होतं, पण बाहेर बाकावर बसलेल्या माणसाचा चेहरा बघून आलं नाही. त्याच्या घरी आजारी बायको होती आणि दारात शेरडं होती, आणि मरी एक डोंगर ओलांडून यायची बाकी होती.

मी बाहेर आले तेव्हा त्यांनी विचारलं, "बाटलीत किती जित्राबाचं हाय?"

"शंभर."

"तिची शंभर न्हाईत."

"मग किती आहेत?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले आहे. "मी आकडा काढू? तिच्या शेरडांचा?" ज्या बाईशी बोलत नाहीत, तिच्या शेरडांनासुद्धा त्यांना नजर लागू द्यायची नव्हती.

"आणि तुमची किती?" हे मी विचारलं. मी इतकी मूर्ख आहे.

"तिची टोचून उरल ती मला द्या," ते म्हणाले. मी कॅलेंडर उचललं आणि त्यांना पहिला नियम दाखवला. नग फोडता येत नाही, अर्धा नग देता येत नाही, सॉफ्टवेअर घेतच नाही. ते वाचत होते की नाही कोण जाणे. तेवढ्यात आमच्या एजन्सीला जोडलेले जनावरांचे डॉक्टर आत आले, त्यांनी सगळं ऐकलं आणि म्हणाले, "मॅडम, कुपी फोडण्यासाठीच असते. फक्त एकदा विरघळवली की तास-दोन तासांत संपवावी लागते, बर्फावर ठेवून. दोघांची शेरडं एका जागी उभी करा, मी येतो."

"माझी शेरडं तिच्या दारात जायची न्हाईत," भागूजी म्हणाले. मग म्हणाले, "मधल्या खाचरात चालंल."

मी कोंडाबाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "त्यास्नी सांगा, ते खाचर माझ्या वाटणीचं हाय." त्यांचा आवाज फोनमधून सबंध दुकानात ऐकू येत होता. भागूजी समोर हातभर अंतरावर बसलेले. तरी ते माझ्याकडे बघत राहिले, म्हणून मी सांगितलं, "ते खाचर त्यांच्या वाटणीचं आहे."

"सांगा, ठावं हाय मला."

"त्यांना ठाऊक आहे."

"मग सांगा, सकाळच्याला आणा म्हनाव."

तो सौदा मी असा एकेक वाक्य इकडून तिकडे नेत पुरा केला. डॉक्टरांचा मदतनीस लग्नाला गेलेला, तेव्हा शेठ म्हणाले, "मॅडम, उद्या तुम्हीच जा डॉक्टरांबरोबर. निदान एकदा नग कशासाठी असतो ते बघून तरी या." मी नाही म्हणू शकले नाही. बर्फाचा डबा मांडीवर घेऊन मी टेम्पोत बसले आणि मार्गासनीपर्यंत देवाचं नाव घेत होते.

गाडीरस्ता संपल्यावर चढ. वर भात कापून मोकळं झालेलं खाचर, त्यात नुसती धसकटं. ओढ्याच्या या अंगानं कोंडाबाईंची शेरडं उतरली, त्या अंगानं भागूजींची. दोघं समोरासमोरच्या बांधांवर उभे राहिले. काळ्या कुत्रा दोघांकडेही न बघता बर्फाच्या डब्याजवळ येऊन बसला.

डॉक्टरांनी कुपी फोडली, पाणी घालून हलवली, बाटली टोचायच्या यंत्राला जोडली. पहिलं शेरडू टोचलं. दुसरं टोचलं. आणि मी, नोंद ठेवायची म्हणून, मोठ्यांदा सुरू केलं, "एक, दोन..."

कोंडाबाई तरातरा आल्या आणि त्यांनी आपला खरखरीत तळवा माझ्या तोंडावर ठेवला. त्याला चुलीच्या धुराचा वास होता. "न्हाई, बाई," त्या अगदी हळू म्हणाल्या. पलीकडच्या बांधावर भागूजी मान हलवत होते. एवढ्या वर्षांत दोघांचं एकमत झालं असेल तर ते माझ्याविरुद्ध झालं.

मग मी मोजणं सोडलं आणि शेरडं धरायला लागले, कारण हात कमी पडत होते. मी पहिली शेळी दोन्ही कानांना धरली. "ताई, कान सोडा, तंगडी धरा!" कोंडाबाई ओरडल्या. तंगडी धरली तर तिनं मला खाचरात बसवलं. दुसरीनं मांडीत शिंग घातलं, त्याचा वण आठवडाभर होता. शेरडांना वाटणी माहीत नसते. ती एकमेकांत कधीच मिसळली होती. भागूजी वहिनीची शेरडं धरत होते, कोंडाबाई दिराची. दोघांची पाठ एकमेकांना लागत होती आणि निरोप तरीही माझ्यामार्फतच चालले होते. "त्यास्नी सांगा, ती गाभण हाय, दमानं धरा." "सांगा, धरलीया दमानं."

बाटलीतलं पाणी खाली खाली जात होतं. शंभर म्हणजे शंभर, असं मी मास्टरमध्ये लिहिलं होतं. इथे शेळीनं हिसडा दिला की एक मात्रा हवेत जायची, यंत्रात बुडबुडा आला की आणखी थोडी जमिनीवर. शंभर शेरडांना पुरणारी शंभराची कुपी फक्त माझ्या संगणकात होती. बाटली कोरडी झाली तेव्हा बांधाच्या कोपऱ्यात काही शेरडं उरली होती. पळपुटी, हाती न लागलेली.

"डॉक्टर, शेवटी शेवटी अर्धी अर्धी मात्रा दिली असती तर?" मी विचारलं. भिंतीवर नियम लावणारी मी.

"अर्ध्या मात्रेनं अर्धी शेळी वाचत नाही, मॅडम," डॉक्टर म्हणाले. मग दोघांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही उरलेली पुढची कुपी येईपर्यंत बाकीच्यांपासून लांब बांधा. मरी आली तर पहिली हीच जातील."

कुणाची होती ती? मी कान बघितले. धनगर कानाला चिरा देऊन खूण करतात, पण एकाच घरातून वाटलेली शेरडं, सगळ्यांची खूण एकच. आता भांडण पेटणार म्हणून मी मनाची तयारी केली.

"त्यास्नी सांगा," कोंडाबाई म्हणाल्या, "ऱ्हायली ती माझी हायेत."

मी भागूजींकडे वळले. "उरलेली त्यांची आहेत म्हणतात."

"सांगा, माझी हायेत. मला माझी शेरडं वळखू येत न्हाईत व्हय?"

"सांगा, त्यांच्या घरी दुखणं हाय, त्यात आन् ही भर नगो. माझी हायेत."

"सांगा, तिला एकटीला लांब बांधून राखाया कोण हाय?"

ते दोघं खरोखरच भांडत होते, चढ्या आवाजात, हातवारे करून, आणि ज्या शेरडांवर मरण येणार होतं ती आपली म्हणून भांडत होते. मी मध्ये उभी राहून निरोप देत होते आणि मला रडू येत होतं. शेणानं भरलेल्या साडीत, दुखऱ्या मांडीनं, बर्फाचा रिकामा डबा धरून मी रडले, आणि डॉक्टरांना सांगितलं की डोळ्यात धसकटाचा कण गेला.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. पुण्याहून माल यायला उशीर झाला आणि मरी त्याआधी आली. टोचलेली शेरडं तगली. लांब बांधलेल्यांतली काही गेली. लाभली असती अजून एक कुपी तर तीही राहिली असती, आणि तेव्हा ती मिळवायला मी आणखी चार फोन करायला हवे होते असं मला आजही वाटतं. जी गेली ती कुणाची होती, हे त्या घरानं कुणाला सांगितलं नाही.

त्या सकाळी मात्र भागूजींनी वाद थांबवला. त्यांनी एक शेरडू खांद्यावर टाकलं, बाकीची हाकत ओढ्यात उतरले आणि पलीकडे चढायला लागले. कोंडाबाई बांधावर उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पदरानं तोंड पुसलं.

"च्या ठिवलाय म्हनाव," त्या म्हणाल्या. "ती बांधा आन् या."

मी दोन्ही हात तोंडाशी नेऊन ओरडले, "अहो भागूजी, त्या म्हणताहेत—"

"भावजी!" कोंडाबाईंनी माझ्या अंगावरून हाक मारली. "च्या निवंल!"

ओढ्यापलीकडून लगेच उत्तर आलं. "आलो, वैनी."

माझं वाक्य तोंडातच राहिलं, आणि ते कुणालाच नको होतं.